युरोपात एक सत्र शिकायला जाताना : मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. एम.एस्सी.चं एक सत्र स्वीडनमध्ये शिकून आले. तेव्हापासून दरवर्षी पेरण्या आटोपल्या की फोन सुरू होतात: नांदेडहून, लातूरहून, अंबाजोगाईहून, जालन्याहून. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवते आहे. आधी अभ्यासक्रमाचं, मग कागदपत्रांचं, मग प्रवासाचं. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे, कारण बहुतेक जण विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करतात आणि विषयांपाशी येऊन अडकतात.

एक सत्र जाणं आणि पूर्ण पदवीसाठी जाणं, यात फरक काय?

एका सत्रासाठी जाता तेव्हा तुम्ही तुमच्याच विद्यापीठाचे विद्यार्थी राहता. प्रवेश इथला, पदवी इथली. चार-पाच महिने तिकडे शिकायचं आणि तिथले क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत आणायचे. दोन विद्यापीठांत करार असेल तर फी इथेच भरायची, तिकडची शिकवणी फी माफ असते. युरोपीय संघाची इरॅस्मस प्लस योजना याच पद्धतीने चालते. तिला तुम्ही परस्पर अर्ज करू शकत नाही, तुमच्या विद्यापीठाने तुमचं नाव पाठवावं लागतं. इरॅस्मस मुंडस हे प्रकरण वेगळं आहे. ती दोन-तीन देशांत फिरून पूर्ण करायची संयुक्त मास्टर्स पदवी असते आणि तिला स्वतःच अर्ज करायचा असतो. या दोन नावांत दर वर्षी कुणाचा तरी गोंधळ होतो.

माझ्या कॉलेजचा असा करार आहे की नाही, कुठे कळेल?

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. कृषीच्या मुलांनी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विचारावं. फोनवर "माहिती नाही" असं उत्तर मिळालं तरी तिथे थांबू नका. प्रत्यक्ष जा, आणि करार कोणत्या विभागासाठी आहे आणि कधीपर्यंत चालू आहे ते विचारा. करार पूर्ण विद्यापीठाचा नसून एका विभागापुरता असतो, असं पुष्कळदा निघतं.

कोणत्या सत्रात जावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तो फार कमी जण विचारतात. आपलं विषम सत्र जून-जुलैला सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे परीक्षेपाशी येतं. सम सत्र डिसेंबर-जानेवारी ते एप्रिल-मे. युरोपात असं एकच वेळापत्रक नाही, देशागणिक बदलतं.

जर्मनीत हिवाळी सत्राची शिकवणी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालते आणि त्यापुढे परीक्षा. म्हणजे तुमचं विषम सत्र त्यात जातंच, शिवाय परत येईपर्यंत सम सत्रही अर्धं संपलेलं असतं. उन्हाळी सत्राची शिकवणी एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत. तिथून येता तेव्हा इथलं पुढचं सत्र सुरू होऊन महिना झालेला असतो. जर्मनीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण विभागप्रमुखांशी हजेरीचं आणि अंतर्गत गुणांचं बोलणं आधी करून मगच जा.

स्वीडनचं वसंत सत्र जानेवारीच्या मध्यावर सुरू होतं आणि जूनच्या सुरुवातीला संपतं. आपल्या सम सत्राला ते जवळजवळ तंतोतंत बसतं. फ्रान्सचं दुसरं सत्र साधारण जानेवारी ते मे, नेदरलँड्सचं फेब्रुवारीपासून जून-जुलैपर्यंत. विषम सत्रातच जायचं असेल तर फिनलंड बघा, तिथली शिकवणी सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत आटोपते. माझं मत विचाराल तर सम सत्र निवडा. थंडी उतरणीला लागलेली असते, दिवस मोठे होत जातात, आणि घरी येता तेव्हा नवं वर्ष सुरू व्हायला वेळ असतो.

पदवीच्या अगदी शेवटच्या सत्रात शक्यतो जाऊ नका. तिकडून गुणपत्रक यायला वेळ लागला तर इथला निकाल राखून ठेवला जातो आणि पुढचा प्रवेश किंवा नोकरी लटकते.

ईसीटीएस म्हणजे काय? आपल्या क्रेडिटशी त्याचा मेळ कसा घालायचा?

ईसीटीएस ही युरोपची क्रेडिट मोजण्याची पद्धत. पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट, सत्राला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. तास, स्वतःचा अभ्यास, प्रयोगशाळा, परीक्षेची तयारी, सगळं त्यात आलं. आपल्याकडे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला १,२०० तासांचे ४० क्रेडिट, म्हणजे सत्राला २०.

आता हिशोब दोन तऱ्हांनी होतो. सत्राला सत्र धरलं तर तिकडचे ३० म्हणजे इकडचे २०. तासाला तास धरलं तर तिकडचे २४-२५ क्रेडिटसुद्धा आपल्या २० ला पुरतात. कॉलेज कोणती तऱ्हा मानणार, हे जाण्याआधी लेखी घ्या. चार क्रेडिटचा आपला पेपर आणि पाच ईसीटीएसचा तिकडचा कोर्स समोरासमोर ठेवले की हा वाद हमखास निघतो. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेले क्रेडिट जमा राहतात ते सरकारी ऑनलाइन खातं) खातं अजून उघडलं नसेल तर तेही आत्ताच उघडून घ्या.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट काय असतं?

तुम्ही तिकडे कोणते कोर्स घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते पेपर माफ होणार, हे लिहिलेला कागद. त्यावर तीन सह्या लागतात: तुमची, तुमच्या विद्यापीठाची आणि तिकडच्या विद्यापीठाची. या कागदाशिवाय गाव सोडू नका.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. माझ्या पाच कोर्सपैकी चार नीट लिहिलेले होते. पाचवा मी तिकडे गेल्यावर बदलला, कारण आधी निवडलेल्या कोर्सचे तास दुसऱ्या एका कोर्सच्या तासांवर आले. नव्या कोर्सबद्दल इथल्या सरांना फोनवर सांगितलं, ते "हो" म्हणाले, मी निर्धास्त झाले. परत आले तेव्हा सरांची बदली झाली होती आणि फाईलमध्ये त्या कोर्सचा एक कागद नव्हता. तो पेपर मला इथल्या मुलांबरोबर पुन्हा द्यावा लागला. तिकडे त्यात चांगले गुण मिळाले होते. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम, क्रेडिट, तास आणि परीक्षेची पद्धत असलेलं पान उतरवून फाईलला लावा. आपल्या पेपरचा अभ्यासक्रम त्याच्या शेजारी ठेवा आणि जुळणाऱ्या घटकांखाली रेघा मारा. अभ्यास मंडळाच्या सदस्यांना असं समोर दिसलं की सही लवकर होते. तिकडे गेल्यावर बदल झाला तर पहिल्या महिन्यातच सुधारित अ‍ॅग्रीमेंटवर तिन्ही सह्या पुन्हा घ्या. फोनवरचा होकार धरू नका.

कोर्स किती घ्यावेत?

चार ते पाच, म्हणजे २४ ते ३० ईसीटीएस. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून तिकडे राहण्याचा परवाना मिळतो, त्यामुळे फार कमीही चालत नाही. दोन कोर्स पर्याय म्हणून हाताशी ठेवा, आणि त्यांनाही इथे आधीच मान्यता घ्या. तिकडे दुसऱ्या विभागाचे कोर्स परदेशी पाहुण्या विद्यार्थ्यांना मिळतातच असं नाही, आणि प्रयोगशाळेच्या जागा लवकर भरतात.

जर्मनीत कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत असते. इटलीत तोंडी परीक्षांचं प्रमाण मोठं आहे. आपल्याकडे तोंडी म्हणजे प्रात्यक्षिकाला जोडलेले दोन प्रश्न. तिथे पूर्ण विषय तोंडी विचारतात. सवय नसेल तर मैत्रिणीला समोर बसवून सराव करा.

इंग्रजीचं कसं? मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो.

मीही मराठी माध्यमातलीच. बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीचं (युरोपच्या भाषा-मोजपट्टीवर मध्यमाच्या वरची पायरी) इंग्रजी मागतात. पदवीचं शिक्षण इंग्रजीतून झालं असेल तर कॉलेजचं माध्यमाचं प्रमाणपत्र पुष्कळ विद्यापीठं चालवून घेतात. इंग्रजीतून शिकवले जाणारे कोर्स पदवीपेक्षा मास्टर्सला कितीतरी जास्त सापडतात, म्हणून एम.एस्सी., एम.टेक.च्या मुलांना निवड सोपी जाते. पहिले दोन आठवडे उच्चार कळायला जड जातात, मग कान सरावतो. तासाला पुढच्या बाकावर बसा आणि समजलं नाही तर विचारा. तिकडच्या प्राध्यापकांना प्रश्न विचारलेले आवडतात.

तिकडचे गुण इथे कसे धरतात?

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, आणि १४ म्हणजे खरोखर चांगले. इटलीत ३० पैकी १८ ला पास. आपल्या परीक्षा विभागातल्या कुणी २० पैकी १४ चे सरळ ७० टक्के केले तर तुमचं नुकसान होतं. तिकडच्या विद्यापीठाकडून गुणांच्या वाटपाचा तक्ता मागून घ्या, म्हणजे शंभरातल्या किती जणांना कोणती श्रेणी मिळते ते त्यात दिसतं.

पासपोर्टवर औरंगाबाद आहे आणि गुणपत्रिकेवर छत्रपती संभाजीनगर. अडचण येईल का?

येऊ शकते, पण सुटते. शहरांची नावं २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलली, त्यामुळे एकाच मुलाच्या कागदांवर औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, किंवा उस्मानाबाद आणि धाराशिव अशी दोन्ही नावं असतात. युरोपातल्या कारकुनाला ती दोन वेगळी गावं वाटतात. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर अर्जाला जोडा.

त्याहून जास्त त्रास माणसाच्या नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळी मांडणी. कुठे वडिलांच्या नावापुढे "राव" आहे, कुठे नाही. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहिलेली आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरीच, अशी घरं आपल्याकडे अजून आहेत. हे सगळं पासपोर्ट काढण्याआधी एकसारखं करून घ्या, मागाहून दुप्पट वेळ जातो. पासपोर्ट साध्या अर्जाने १,५०० रुपयांत निघतो. तत्काळचे ३,५०० भरायची वेळ येऊ देऊ नका.

इटली, स्पेनसारखे देश कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, मागतात. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा तो क्रम आहे.

व्हिसा कोणता लागतो?

पर्यटकाचा शेंगेन व्हिसा (शेंगेन म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणारे युरोपातले देश) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. तुमचं सत्र त्याहून मोठं, म्हणून त्या देशाचा डी प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. स्वीडन, फिनलंडसारख्या देशांत थेट राहण्याचा परवानाच काढावा लागतो. फ्रान्ससाठी आधी कॅम्पस फ्रान्स या तिथल्या सरकारी संस्थेची प्रक्रिया पूर्ण करायची असते. बोटांचे ठसे द्यायला बहुधा मुंबईची खेप पडते, काही देशांचं काम पुण्यात होतं. निवडपत्र हातात पडलं त्याच आठवड्यात भेटीची वेळ घ्या.

वडील शेतकरी आहेत, आयकर विवरणपत्र कधी भरलंच नाही. पैसे दाखवायचे कसे?

हा प्रश्न मला सर्वात जवळचा आहे. व्हिसाच्या कागदांच्या यादीत "तीन वर्षांची विवरणपत्रं" असं वाचून कितीतरी हुशार लेकरं अर्जच करत नाहीत. शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे, म्हणून विवरणपत्र नसणं यात गैर काही नाही. ते नाही, एवढ्यावरून मागे सरू नका. फक्त उत्पन्न कुठून येतं ते कागदावर दिसलं पाहिजे.

सातबारा आणि आठ-अ उतारा, तहसीलदारांचं उत्पन्न प्रमाणपत्र, बाजार समितीत सोयाबीन-कापूस विकल्याच्या आडत पट्ट्या, साखर कारखान्याला ऊस जात असेल तर त्याच्या बिलाच्या नोंदी, आणि हे पैसे ज्या खात्यात आले त्याचं सहा महिन्यांचं विवरण. सगळ्याचं इंग्रजी भाषांतर आणि वर एक पानाचं पत्र: वडिलांची जमीन किती, पिकं कोणती, पैसा वर्षातून कोणत्या महिन्यांत हाती येतो. हे पत्र फार उपयोगी पडतं. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला रक्कम येते, आपल्या खात्यात ती दिवाळीनंतर एकदम येते. पत्र नसेल तर अधिकाऱ्याला ती उसनी आणून भरल्यासारखी दिसते. म्हणून आडत पट्टीची तारीख आणि खात्यातल्या जमेची तारीख जुळवून खुणा करा.

आणि नातेवाइकांकडून आठ दिवसांसाठी पैसे आणून खात्यात टाकू नका. ते ओळखू येतं, आणि एकदा नकार बसला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो सांगावा लागतो.

खर्च किती धरावा?

जर्मनीने परदेशी विद्यार्थ्यासाठी ठरवलेला आकडा महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिन्याला लाखाच्या घरात. पोलंड, हंगेरीकडे कमी लागतं, स्वीडन, डेन्मार्कला जास्त. यात सर्वात मोठा वाटा खोलीच्या भाड्याचा. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज उघडला त्या दिवशीच भरा. खोली न बघता, करार हातात न येता कुणालाही अनामत पाठवू नका.

तिकडे काम करून खर्च काढू, हा हिशोब एका सत्रासाठी धरू नका. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाची मुभा आहे, पण काम मिळेपर्यंत आणि बँक खातं उघडेपर्यंत तुमचे दोन महिने संपतात.

शिष्यवृत्ती आहे का?

इरॅस्मस प्लसमध्ये निवड झाली तर राहण्याखाण्यासाठी मासिक रक्कम आणि प्रवासखर्च मिळतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पूर्ण मास्टर्स किंवा पीएच.डी.साठी आहेत, एका सत्रासाठी नाहीत. पण पुढे तिकडेच पदवी करायचा विचार असेल तर त्यांच्या अटी आत्ताच वाचून ठेवा.

तिकीट कधी काढू, आणि कुठून?

परवाना हातात आल्यावर. परतीचं तिकीट परीक्षेची तारीख कळल्यावर, किंवा तारीख बदलता येईल असं. फेरपरीक्षा साधारण तुम्ही परतल्यावर असते आणि ती इथून देता येईलच असं नाही, म्हणून पहिल्याच खेपेला बसायचं या बेताने तारीख ठरवा.

मुंबईहून उडणार असाल तर देवगिरी किंवा नंदीग्रामने एक दिवस आधी पोचा. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकली तर विमान थांबत नाही. नांदेड, लातूर, देगलूरकडच्यांनी हैदराबादचाही विचार करावा, रस्त्याने ते जवळ पडतं. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर आधी तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा (नुसतं विमान बदलायलाही लागू शकणाऱ्या व्हिसाचा) नियम बघा.

सोबत काय न्यावं?

शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, काळा मसाला, मेतकूट, पापड बिनधास्त न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे आईने प्रेमाने दिलेलं तूप, पेढे, खवा घरीच ठेवायचं. केशर आंबेही नाहीत. वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत हवी. जाड कोट इथून घेऊ नका, तिथे जुन्या वस्तूंच्या दुकानात चांगला आणि स्वस्त मिळतो. पायमोजे आणि आतले गरम कपडे मात्र न्या.

तिकडे फिरायला जमेल का?

जमेल, आणि जरूर फिरा. शेंगेनमध्ये २९ देश आहेत. तुमच्या डी व्हिसावर किंवा परवान्यावर त्यातल्या बाकीच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस हिंडता येतं. ईस्टरच्या सुट्टीत गाड्या भरलेल्या असतात, आधी आरक्षण करा. दूरच्या सहली परीक्षेनंतर ठेवा, पण परवान्याची शेवटची तारीख बघून. जर्मनीत विद्यार्थ्याच्या ओळखपत्रासोबत बऱ्याच विद्यापीठांत सत्राचा प्रवास पास मिळतो, तो आधी वापरा. स्वस्त विमानांचं सामानाचं वजन फार काटेकोर असतं.

मराठवाड्यातल्या बऱ्याच मुलांना लंडनचं बाबासाहेबांचं घर बघायचं असतं. १० किंग हेन्रीज रोड, १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. बाबासाहेबांनीच काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात वाढलेल्या मुलाला तिथे उभं राहिल्यावर काय वाटतं, ते मी एका मित्राच्या आवाजात ऐकलं आहे. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. त्याचा वेगळा व्हिसा लागतो, आणि परत यायला तुमचा युरोपचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. तो खर्च झेपत नसेल तर जर्मनीतल्या बॉनला जा. तिथल्या विद्यापीठातही बाबासाहेबांनी नाव नोंदवलं होतं, आणि तिथे जायला वेगळा परवाना लागत नाही.

आई विचारते, मुलीला एकटीला पाठवायचं कसं?

काकू, मी एकटीच गेले होते. पहिल्या रात्री रडले, हेही खरं. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदतनीस विद्यार्थी नेमलेले असतात, ते स्टेशनवर घ्यायला येतात. आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. सबंध युरोपात मदतीचा एकच नंबर, ११२. जर्मनी, स्वीडनकडची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तेव्हा तुमच्या रात्री नऊला तिची संध्याकाळ असते, निवांत बोलता येतं. बोलण्याची वेळ ठरवून घ्या, पण एखाद्या दिवशी फोन नाही आला तर लगेच घाबरू नका. ती ग्रंथालयात असेल.

परत येताना कोणते कागद आणायचे?

सत्र सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असलेलं हजेरीचं प्रमाणपत्र निघण्याआधी सही-शिक्क्यासह हातात घ्या. गुणपत्रक नंतर येतं, निकालानंतर काही आठवड्यांनी. ते थेट तुमच्या विद्यापीठाच्या पत्त्यावरही पाठवायला सांगा आणि एक प्रत स्वतःकडे मागवा. जर्मनीत राहण्याचा पत्ता नोंदवला असेल तर निघताना तो रद्द करा, बँक खातं बंद करा, आणि वसतिगृहाच्या अनामतीसाठी भारतातल्या खात्याचा तपशील देऊन या. इथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात गुणपत्रक, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट आणि कोर्सची पानं परीक्षा विभागात आवक क्रमांक घेऊन जमा करा. तो आवक क्रमांक जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी तो घेऊन पुन्हा जा.